मोडलेलें वाचन पुन्हां कसें जोडावें

(लालबाग येथें एका ग्रामस्थ मंडळाच्या वार्षिक सभेंत झालेलें भाषण)



तुम्हीं गांवच्या शिक्षकाला एवढ्या लांबून बोलाविलें आणि "शिक्षणावर कांहीं बोला" अशी आज्ञा केली. शिक्षणावर बोलणें हा आमचा धंदाच आहे. पण रोज तेंच बोलून आमची जीभ गुळगुळीत झाली आहे. म्हणून आज दुसऱ्यांस उपदेश करण्याऐवजीं आम्ही आमचीच एक चूक तुमच्यापुढें मांडणार आहों. ती ऐकून तुमच्यापैकीं निम्मे लोक मनांत म्हणतील, "हें तर आपलेंच झालें." तसें झालें तर आमची मुंबईची फेरी फुकट गेली नाहीं असें समजूं.

गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वीं चौथीच्या वर्गांत आम्ही मुलांस वाचनाचे फायदे सांगत होतों. पुस्तक हा गुरु आहे, पुस्तक हा मित्र आहे, वगैरे सर्व शिक्षक जें सांगतात तेंच. एका मुलीनें हात वर केला आणि विचारलें, "गुरुजी, तुमी आता कंचं पुस्तक वाचताय?" तिच्या मनांत कांहीं कपट नव्हतें. पण आमच्या तोंडून शब्द फुटेना. पाठ्यपुस्तकें, परिपत्रकें आणि मोबाइलवर येणारे निरोप सोडले तर सहा वर्षांत आम्हीं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलें नव्हतें. शेवटीं आम्हीं एका पुस्तकाचें नांव ठोकून दिलें. तें पुस्तक आमच्या कपाटांत होतें, पण त्याचीं दहा पानेंही आम्हीं उलटलीं नव्हतीं. मंडळी, ज्या सत्यशोधकांचा जयजयकार आम्ही सभेंत करतों, त्यांचे अनुयायी म्हणविणारे आम्ही नऊ वर्षांच्या एका मुलीशीं भर वर्गांत खोटें बोललों. हीच ती चूक.

आम्हांस वाचनाची गोडी कधींच नव्हती असें नाहीं. अध्यापक विद्यालयांत असतांना रात्रीं खोलींतला दिवा केव्हां घालवावा यावरून सोबत्यांशीं आमचीं भांडणें होत. मग नोकरी लागली, लग्न झालें, घर बांधावयास काढलें. शाळेंत शिकविण्यापेक्षां तक्ते भरण्याचें काम वाढलें. कधीं मतदार याद्या, कधीं जनावरांची मोजदाद. पुस्तक उशाशीं असे. "आज दमलों, उद्यां वाचूं" असें म्हणून आम्ही मोबाइल हातीं घेत असूं. वाचन हें भांडून घर सोडणाऱ्या माणसाप्रमाणें जात नाहीं. तें शेतांतल्या पायवाटेप्रमाणें जातें. चार दिवस कोणी चाललें नाहीं कीं गवत उगवतें, आणि महिन्यानें येथें वाट होती हेंही कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

याला लोक आळस म्हणतात. आम्हीही स्वतःला तीच शिवी देत होतों. पण आळस हा अर्धाच जबाब आहे. उरलेला अर्धा आम्हांस आमच्या वडिलांकडून कळला, आणि तो याच लालबागेंतला असल्यामुळें तुम्हांला सांगितला पाहिजे.

आमचे वडील येथल्या एका गिरणींत साचेखात्यांत होते. राहणें गांवच्या गाळ्यांत. गाळा म्हणजे काय हें तुमच्यांतल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको, तरुणांसाठीं सांगतों. एका लांबट खोलींत तीस-पस्तीस माणसें. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली, तिसरी खाणावळींत जेवावयास गेलेली. त्या खोलींत मधोमध एक दिवा होता आणि त्या दिव्याखालीं आमचे वडील वाचीत. संध्याकाळीं वर्तमानपत्र, श्रावणांत पांडवप्रताप, कोणाला गांवाहून पत्र आलें तर तें पत्र. ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. पण वाचणारा एक ओळ गाळून पुढें गेला तर तीच माणसें त्यास हटकीत.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. तो संप कसा लांबला, किती घरें त्यांत बसलीं, हें या चाळींच्या भिंतीही सांगतील. त्या वेळीं आम्ही रांगत होतों. गाळा विसकटला आणि वडील गांवीं परत आले. बरोबर तीच पत्र्याची पेटी होती. तींत कपडे थोडे आणि पुस्तकें अधिक. ती पेटी त्यांनीं माळ्यावर टाकली आणि पुन्हां तिला हात लावला नाहीं. आम्ही मोठे झाल्यावर एकदां विचारलें, "आबा, आता का वाचत नाही?" ते म्हणाले, "आरं, मी वाचायचो ते गाळ्यासाठनं. आता ऐकाय कोन हाय?"

त्या वेळीं आम्हांस ही सबब वाटली. आज ती सबब वाटत नाहीं. वाचन हें एकट्यानें, दार लावून करावयाचें काम आहे, ही समजूत ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या वेगळी खोली आणि स्वतःचा दिवा होता त्यांची आहे. आमच्या बहुजन समाजाचें वाचन गर्दींत जन्मलें. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यांत 'दीनबंधु' काढला आणि १८८० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तो मुंबईंत चालविण्यास घेतला. ज्या काळीं मजुरांत अक्षर ओळखणारा विरळा, त्या काळीं असें पत्र एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें अशीच वस्तु होती. त्या दहांची पांगापांग झाली कीं वाचणाऱ्याचाही उत्साह मावळतो. आमच्या वडिलांचें वाचन त्यांच्या मनांतून गेलें नव्हतें. त्यांच्या भोंवतीचीं माणसें गेलीं होतीं.

आतां वेळेचें पाहूं. "वाचावयास वेळ नाहीं" हें आम्ही सर्वच म्हणतों. वेळ म्हणजे काय हें लोखंड्यांनीं ओळखलें होतें. गिरण्यांतील मजुरास त्या काळीं आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सकाळीं उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम. १८८४ च्या सप्टेंबरांत लोखंड्यांनीं मजुरांच्या सभा भरवून मागण्यांचा अर्ज केला. त्यावर साडेपांच हजार मजुरांच्या सह्या होत्या. दर रविवारीं सुटी असावी आणि दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा, या त्यांतल्या दोन मागण्या. २४ एप्रिल १८९० रोजीं दहा हजार मजुरांची सभा भरली आणि तींत दोन मजूर स्त्रियांनीं भाषणें केलीं. त्याच सालीं १० जून रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. ज्याला रविवार नाहीं त्याला पुस्तक कोठून असणार? तुमच्या-आमच्या हातांतला रविवार सरकारनें खैरात म्हणून दिलेला नाहीं. तो सहा वर्षांच्या खटपटीनें मिळविलेला आहे.

त्या रविवारचें आम्हीं काय केलें? तो कोणी मालकानें परत घेतला नाहीं. आम्हींच तो आंगठ्यानें सरकवून सरकवून घालविला. पूर्वीं आमचा आंगठा सावकाराच्या कागदावर उठत असे. आज तो मोबाइलच्या काचेवर फिरतो. दोन्ही वेळां लाभ दुसऱ्याचाच! येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आजही आमचे कित्येक तरुण बारा-बारा तास इमारतींच्या दारांत राखण करतात, कित्येक पाठीवर पेटी बांधून दारोदार जेवण पोंचवितात. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. त्यांचा रविवार अजून मिळवावयाचा आहे. दोष आमच्यासारख्यांचा, ज्यांच्याजवळ वेळ होता आणि ज्यांनीं तो राखला नाहीं.

आतां कोणी म्हणेल, एकदां सुटलेली संवय पुन्हां लागते काय? लागते, आणि त्याचा दाखला खुद्द जोतीरावांचा आहे. लहानपणीं त्यांची शाळा सुटली होती. लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनीं मुलाला शाळेंतून काढलें आणि बागेच्या कामास लाविलें. दिवसभर काम करून मुलगा संध्याकाळीं दिव्यापाशीं पुस्तक घेऊन बसतो, हें शेजारच्या दोघांनीं पाहिलें. एक गफ्फार बेग मुनशी, दुसरे लिजिट साहेब. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. त्यांनीं गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ सालीं जोतीराव पुन्हां शाळेंत गेले. ज्यांच्या नांवावर ही सारी चळवळ उभी आहे, त्यांच्याही शिक्षणांत खंड पडला होता. तो खंड सांधावयास शेजारी उपयोगी पडले.

दुसरा दाखला येथून जवळच्या गिरगांवचा. चर्नी रोडच्या बागेंत शाळा सुटल्यावर एक मुलगा वाचीत बसत असे. विल्सन हायस्कुलांतले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर त्या बागेंत येत. त्यांनीं मुलाची चौकशी केली, त्याला वाचावयास पुस्तकें दिलीं, आणि १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला तेव्हां स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्याच्या हातीं ठेविलें. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. परळच्या चाळींत एका खोलींत सारें कुटुंब राहत असल्यामुळें त्यांना वाचावयास बागेंत जावें लागे. पुढें त्यांनींच दादरला 'राजगृह' बांधलें तें मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. बुद्धिमान् तर ते होतेच; पण केळुसकरांनीं त्या मुलाकडे पाहून न पाहिल्यासारखें केलें असतें तर?

तिसरा दाखला अण्णा भाऊ साठे यांचा. वाटेगांवाहून कुटुंबाबरोबर पायीं मुंबईस आलेला मुलगा. शाळा जवळजवळ नाहींच. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचीत त्यांनीं अक्षर पक्कें केलें आणि पुढें १९५९ सालीं 'फकिरा' लिहिली. प्रारंभ केवढा, तर एका पाटीएवढा! हें आम्हांस आधीं सुचलें असतें तर आमचे दोन महिने वांचले असते.

कारण त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्हीं पहिल्याप्रथम जें केलें तें साफ चुकलें. आम्हीं महात्मा फुले समग्र वाङ्मयाचा जाड ग्रंथ काढला आणि रोज पन्नास पानें वाचण्याची शपथ घेतली. पांचव्या रात्रीं ग्रंथ छातीवर ठेवून झोंपी गेलों. सहाव्या रात्रीं तो उघडलाच नाहीं. ग्रंथाचा त्यांत दोष नव्हता. आम्ही वाचीत नव्हतों, स्वतःला शिक्षा करीत होतों. आणि शिक्षा कोणीही फार दिवस खुषीनें भोगीत नाहीं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. पानावर मन ठरत नाहीं, डोकें जड होतें, ओळ निसटते, असें आम्ही सर्वांस सांगत होतों. एके दिवशीं बायको म्हणाली, "अहो, तुम्ही पुस्तक किती लांब धरता!" डोळे तपासून घेतले तों चाळिशी लागलेली. दोष मनाला देत होतों आणि तो होता डोळ्यांचा. येथें चाळिशी ओलांडलेले पुष्कळ आहेत. वाचनाची गोडी गेली असें ठरविण्यापूर्वीं त्यांनीं आधीं डोळे तपासून घ्यावे. पुढें कमी शरम वाटेल.

तिसरी गोष्ट आमच्या आईकडून शिकलों. आई दुसरीपर्यंत शिकलेली. पण श्रावणांत ती शिवलीलामृत पुरें करी. त्याचे चौदा अध्याय. शेजारच्या आक्कांनीं हरिविजयाचे छत्तीस अध्याय केले होते, आणि वडिलांनीं गाळ्यांत पांडवप्रतापाचे चौसष्ट. भाषा जुनी, अक्षर दाट, आणि वाचणाऱ्यांचें शिक्षण बेताचें. मग पदवी घेतलेल्या मुलाच्यानें शंभर पानांची कादंबरी संपत नाहीं आणि आईच्यानें पोथी संपते, हें कसें? पुण्याचा लोभ आणि पापाचें भय त्यांत होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तेवढ्यानेंच पोथी संपत नाहीं. पोथीची वेळ ठरलेली, जागा ठरलेली. रोजचें माप लहान, एक अध्याय. वाचणारा एक आणि ऐकणारीं चार. न कळलेल्या ओळीचा अर्थ तेथल्या तेथें विचारावयाचा. आणि शेवटीं समाप्तीचा आनंद. त्यासाठीं भटजी लागत नाहीं, दक्षिणा लागत नाहीं. हीं शिस्त आमच्याच घरांतली आहे. भय टाकावें आणि शिस्त घ्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.

तसें आम्हीं केलें. माळ्यावरची पेटी खालीं काढली. वाळवीनें कांहीं पुस्तकें खाल्लीं होतीं, कांहीं शाबूत होतीं. दिवेलागणीनंतर ओटीवर सतरंजी टाकली, मोबाइल आंत डब्यांत ठेवला, आणि अण्णा भाऊंची एक कथा वडिलांपुढें मोठ्यानें वाचावयास लागलों. दहा मिनिटें, त्यापेक्षां जास्त नाहीं. पहिले तीन दिवस वडील रस्त्याकडेच पाहत बसले. आम्हांस वाटलें, हाही खेळ फसला. चौथ्या दिवशीं शाळेच्या कामामुळें घरीं यावयास उशीर झाला. येऊन पाहतों तों सतरंजी टाकलेली, तीवर पुस्तक, पुस्तकावर आमची चाळिशी. वडील म्हणाले, "मास्तर, काल कुठं ऱ्हायलं हुतं?"

त्या दिवसापासून आमचें वाचन जोडलें गेलें. पुढें शेजारचे दोन म्हातारे येऊं लागले. पावसाळ्यांत बायका शेंगा फोडीत ऐकूं लागल्या. गाळ्यासारखी गर्दी नव्हे, पण ऐकणारीं माणसें झालीं. पहिलें पुस्तक संपल्यावर आम्हीं वर्गांत त्या मुलीला खरें काय तें सांगितलें. ती रागावली नाहीं, म्हणाली, "मग आता कंचं?" आणि एक नवल झालें. ओटीवर दहा मिनिटें वाचून पुस्तक मिटल्यावर पुढें काय झालें असेल म्हणून रात्रीं आम्ही एकटेच पुढचीं पानें वाचूं लागलों. आधीं गोडी यावी आणि मग वाचावें, असें आम्ही सहा वर्षें समजत होतों. प्रत्यक्षांत वाचन आधीं आलें आणि गोडी त्याच्या मागून आली. जो गोडीची वाट पाहत बसेल तो बसूनच राहील.

यांत पुन्हां खंड पडला नाहीं काय? दोनदां पडला. एकदां निवडणुकीच्या कामांत, एकदां वडिलांच्या दुखण्यांत. पोथींत खंड पडला तर लोक अशुभ मानतात. पुस्तकांत तसें कांहीं नाहीं. जेथें राहिलें तेथून धरावें. जें पुस्तक वीस पानांतही पकड घेत नाहीं तें खुशाल परत करावें. त्याचें पाप लागत नाहीं.

आतां कोणी विचारील, न वाचलें तर बिघडलें काय? पोट तर भरतेंच आहे! बंधूंनो, तुमच्याच चाळींत पाहा. लालबाग-परळच्या चाळी पाडून नव्या इमारती उठत आहेत. घरोघर संमतिपत्रें आणि करारनामे येतात. पन्नास-साठ पानांचा कागद समोर येतो आणि आमचा शिकलेला माणूस विचारतो, "सही कुठं करायची?" आमचा आजा विचारीत असे, "आंगठा कुठं?" आंगठ्याची सही झाली, एवढीच जर तीन पिढ्यांची प्रगति असेल तर शाळा काढून काय मिळविलें? शेतकऱ्याच्या सर्व नुकसानीचें मूळ अविद्येंत आहे, हें जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून १८८३ सालींच दाखविलें. आज अविद्या म्हणजे अक्षर न येणें नव्हे. अक्षर येऊनही न वाचणें, ही नवी अविद्या आहे. जो रोज दोन पानें गोष्ट वाचीत नाहीं, त्याला करारनाम्याचीं पन्नास पानें वाचण्याचा दम कोठून येणार? लांब वाचण्याची ताकद अंगांत असावी लागते, आणि ती तालमीशिवाय येत नाहीं. गोष्टीचें पुस्तक हीच ती तालीम.

म्हणून मंडळापुढें आमची एक सूचना आहे. मंडळाच्या खोलींत पुस्तकांचें एक कपाट आहे आणि त्याची किल्ली सांपडत नाहीं, असें आज सकाळीं आमच्या कानावर आलें. ती किल्ली शोधावी. न सांपडल्यास कुलूप फोडावें. दर रविवारीं सकाळीं एक तास ठरवावा. एकानें वाचावें, बाकीच्यांनीं ऐकावें. दर रविवारीं वाचणारा बदलावा. बायकांना मागें बसवूं नये. १८९० च्या सभेंत दोघी बोलल्या होत्या, आमच्या सभेंत एकीनें तरी वाचावें. पहिलें पुस्तक लहान आणि मनोरंजक घ्यावें. समाज सुधारण्याचा भार त्यावर टाकूं नये. पुस्तक संपलें कीं चहाबरोबर समाप्ती करावी. महिन्यांतून एका रविवारीं पुस्तकाऐवजीं ज्याच्या घरीं जो कागद आला असेल तो सर्वांदेखत वाचावा, मग तो करारनामा असो, नोटीस असो कीं बँकेचें पत्र असो. पुस्तकें कमी पडलीं तर १८९८ सालीं स्थापन झालेलें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे, तें फार लांब नाहीं.

ज्यांचें वाचन सुटलें आहे त्यांनीं लाजूं नये. आम्ही शिक्षक असून लाजलों, आणि त्या लाजेपायीं एका मुलीशीं खोटें बोललों. लाजेनें वाचन परत येत नाहीं. शेजारच्यानें विचारलें म्हणजे येतें. तेव्हां आज घरीं जातांना प्रत्येकानें आपल्या शेजाऱ्यास एवढेंच विचारावें, "सध्यां काय वाचताय?" तो अडखळला तर हंसूं नये, रविवारीं त्यास बरोबर घेऊन यावें.

गांवीं पोंचल्यावर वडील पहिला प्रश्न तुमच्या कपाटाच्या किल्लीचा विचारतील. त्यांना काय सांगावें हें तुम्हीं ठरवावयाचें आहे. एवढें बोलून आम्ही आमचें भाषण पुरें करतों.